काढायचा माणूस

कोळवंडीच्या नगरपालिकेने एका पोराला मामा नेमून दिला होता, असं कुणी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग सांगणाऱ्याच्या तोंडाला कसला वास येतो का ते बघतो. पण मामा नेमला होता आणि रीतसर नेमला होता. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या, आणि बाजारपेठेत भजीचा गाडा लावणारा एक मिशाळ गृहस्थ रोज संध्याकाळी तासभर त्या पोराचा मामा म्हणून कामाला लागला. पोरगं नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन हुंगायचं, ते हळूहळू सुटलं. मामाला मात्र नात्याची सवय लागली. नेमणूक संपली तरी तो गरम भजी घेऊन येतच राहिला, आणि पोराच्या लग्नात मामा म्हणून आपणच उभं राहणार असं गावभर सांगत सुटला.

एका मुलीला नगरपालिकेने आतून लागणारी कडी दिली. कडी बसली आणि तिची रोजची धडधड थांबली. एका पोराच्या घराशेजारचे बँडवाले तालमीसकट गावाबाहेरच्या माळावर हलवले. बँडवाले आधी चिडले, पण माळावरून ढोल इतके लांब घुमायला लागले की शेजारच्या तालुक्यातून सुपाऱ्या आल्या.

हे सगळं घडत होतं ते तरुणांच्या उपचार केंद्रातल्या एका मशीनमुळे. सरकारी नाव केशलेख. गावाने त्याचं केसमशीन करून टाकलं.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. वाढताना त्या वेळी रक्तात जे असेल ते थोडंथोडं त्याच्या आत कोंडलं जातं आणि तिथेच राहतं. माणूस धास्तावला की अंगात कॉर्टिसोल नावाचं द्रव्य वाढतं, ते केसात उतरतं. गोळी खाल्ली तर गोळी उतरते. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःचंच मांस वापरायला लागतं आणि केसातला नायट्रोजन किंचित जड होतो. म्हणजे केसाचं टोक ही जुनी हकीकत आणि मूळ ही परवाची. मशीन लेसरने इतके बारीक काप घेई की कुठल्या आठवड्यात काय झालं ते कळे.

इथपर्यंत फार नवल नव्हतं. नवल पुढे होतं. लाखो तरुणांचे केस आणि त्या तरुणांचं पुढे काय झालं, हे दोन्ही त्या मशीनला शिकवलं होतं. डॉक्टर मंडळींना एक कोडं कित्येक वर्षं सुटत नव्हतं. दोन पोरं, व्यसन एकच, औषध एकच, समजावणारं माणूसही एकच. त्यातलं एक उठून कामाला लागतं आणि दुसरं पुन्हा जिथल्या तिथे. फरक कुठे आहे म्हणून मेंदूत शोधत होते, तो निघाला घरात. झोप मिळते का, दार कोण बडवतं, जेवायला कोण वाढतं, आणि कोण कुणाला भितं. त्यामुळे मशीन औषध सांगतच नसे, परिस्थिती सांगे. त्याच्या चिठ्ठीत दोन रकाने असत, एक ‘द्यायचं’ आणि दुसरा ‘काढायचं’. डॉक्टरची चिठ्ठी जशी औषधवाल्याने भरायची, तशी ही नगरपालिकेने भरायची, असा कायदाच होता.

एक गोष्ट मात्र मशीन करत नसे. केस कुणाचा, हे ते तपासत नसे. केसाच्या मुळात जनुकं असतात, पण ती विमा कंपन्यांच्या हाती लागली तर आजारी माणसाला कुणी दारात उभं करणार नाही, म्हणून ती वाचायला बंदी होती. तेव्हा नाव माणसाने सांगायचं आणि मशीनने विश्वास ठेवायचा. आता मशीनच भोळं म्हटल्यावर कधी ना कधी घोटाळा व्हायचाच. तो शिंगट्यांच्या घरात झाला.

विराज शिंगटे एकवीस वर्षांचा. बेदाण्याच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि बटणं खायचा. बटण म्हणजे झोपेची गोळी, पण तो ती झोपायला खात नसे. जागेपणी सगळं जग कापसात गुंडाळल्यासारखं व्हावं, कुणाचा आवाज टोचू नये, एवढ्यासाठी खायचा. आई तो लहान असतानाच गेलेली. वडील टेम्पो चालवायचे, ते दिवाळीनंतर गेले. घरात उरले दोघं, विराज आणि त्याची मालनआत्या. नवऱ्याने टाकल्यावर आत्या भावाकडे परत आली आणि आल्या दिवसापासून तिने आईविना पोर कडेवर घेतलं ते खाली ठेवलं नाही. जीभ मात्र तिखट. शेजारची मांजरंसुद्धा तिच्यासमोर जपून म्याव करायची.

वडिलांच्या दहाव्याला विराजने डोकं केलं. खांद्यापर्यंत वाढवलेले केस नदीत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, फोर्कलिफ्टवर त्याचा डोळा लागला आणि तो बेदाण्याच्या थप्पीत घुसला. कुणाला लागलं नाही, त्याच्याच कपाळाला टाके पडले. पण फरशीवर बेदाण्यांचा असा गालिचा पसरला की हमाल घसरून पडायचे, उठायचे आणि पुन्हा घसरायचे. मालकाने सांगितलं, उपचार सुरू असल्याचा दाखला आण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

केंद्राला फोन केला, तर केस लांब हवेत म्हणाले, जितका लांब तितकं मागचं कळतं. विराजच्या डोक्यावर नुसती खुंटं. केस वाढेपर्यंत थांबायचं तर नोकरी गेलीच.

आत्या म्हणाली की यात काय एवढं, केस घरात आहेत. न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली असायची, गुंतवळाची. विंचरताना फणीत जे केस येतात ते गुंडाळून त्या पिशवीत टाकायचे आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायचे. घरात फणी एक, तेल एक, पिशवी एक. विराजचे केस लांब असताना त्याचंही गुंतवळ त्याच पिशवीत पडायचं. आत्याने वरचा एक गुंता काढला, उजेडात धरला, वास घेतला आणि हे तुझेच म्हणून खात्रीने सांगितलं. वास तर दोघांच्याही डोक्याला त्याच खोबरेलाचा होता. पण आत्याने एकदा खात्रीने सांगितलं की त्या घरात पुढे बोलायची पद्धत नव्हती.

केंद्रातल्या समुपदेशक फरहीन मुजावर यांना गुंतवळ बघून आनंदच झाला. फणीतून निघालेला केस मुळासकट येतो, कात्रीने कापलेल्यापेक्षा चांगला, असं त्या म्हणाल्या. पोरांवर जीव असलेली बाई, पण मागे रांग मोठी आणि मशीनवर भरवसा त्याहून मोठा. त्यांनी त्यातला फूटभराहून लांब असा एक केस सोडवून मशीनला लावला. दुसऱ्या दिवशी विराजला समोर बसवून पडद्यावरचा आलेख दाखवला, गेल्या अडीच वर्षांचा.

त्यात भीतीचे डोंगर होते. भुकेचे खड्डे होते, आणि ते अलीकडे दाट होत गेलेले. झोप तर जवळपास नव्हतीच. मॅडमनी डोंगर एकेक करून बोटाने दाखवले. सगळ्यात ताजा, मुळाजवळचा, फोर्कलिफ्टच्या आठवड्याचा. त्याच्या थोडा मागे वडील गेले तो. आणि मागच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या आठवड्यात केवढा तरी मोठा. तेव्हा काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. विराजने आठवून सांगितलं की काही नाही, तेव्हा तो मित्राच्या खोलीवर बटणं खाऊन पडला होता, फोन बंद करून. मॅडमनी मान हलवली. माणसाला फार भीती वाटली की मन ती आठवणच पुसून टाकतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आलेखाच्या तळाशी एक बारीक, सरळ रेघ होती. ती झोपेच्या गोळीची. अडीच वर्षं, एक दिवस खंड नाही. विराज म्हणाला की त्याने तर दीड वर्षापूर्वी सुरुवात केली आणि रोज काही खात नाही. मॅडम समजुतीने हसल्या. समोरच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण असंच सांगतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण विराजला ते कळलं.

मग त्या जे बोलल्या ते ऐकून त्याला रडू आलं.

“विराज, तू जे सोसलंयस ते कुणाकडूनही झेपलं नसतं. यात तुझी चूक नाही.”

आतापर्यंत त्याला आळशी, नालायक, बापाच्या जिवाला घोर असं पुष्कळ जणांनी म्हटलं होतं. चूक तुझी नाही असं म्हणणारं पहिलं माणूस हे. तो टेबलावर डोकं टेकून रडला, आणि रडताना आतून त्याला फार बरं वाटत होतं.

चिठ्ठी निघाली. द्यायचं: तीन वेळचं जेवण, कुणाच्यातरी देखत; उजेडाची खिडकी; स्वतंत्र खाट. काढायचं: घरातला एक माणूस, ज्याच्या पायी ही भीती आहे, त्याला रुग्णापासून वेगळं ठेवावं. मॅडमनी विचारलं की घरात आणखी कोण असतं. विराज म्हणाला, आत्या. मॅडमनी निःश्वास सोडला आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

त्याने तिथेच सांगायला हवं होतं की आत्या तशी नाही. पण मशीनचं म्हणणं डोक्यात शिरलं की माणूस जुन्या गोष्टी त्याच उजेडात बघायला लागतो. घरी जाताना त्याला आत्याचा प्रत्येक टोमणा आठवत गेला. बेदाण्याच्या दिवशी दवाखान्यात ती म्हणाली होती की आता शिरा करायला बेदाणे विकत आणायला नकोत, तुझ्या खिशातच सापडतील. तेव्हा तो हसला होता. आता त्याला वाटलं की हे बोलणं बरं नव्हे, याचीच भीती बसली असेल आपल्या मनात. घरी आल्यावर आत्याने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याने खिडकी मिळणार एवढंच सांगितलं.

आणि परिस्थिती घरी यायला लागली. गवंडी आला, भिंत फोडून खिडकी बसवून गेला. आत्याला ती फार आवडली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायला तिला आता दारापर्यंत जावं लागत नसे. खाट आली. नगरपालिकेचा डबा दिवसातून तीनदा यायला लागला आणि डबा आणणारी बाई विराज जेवेपर्यंत समोर बसून राही. आत्याला याचा अर्थ लागेना. तिने पहिल्या दिवशी आमटी चाखली, मीठ कमी म्हणून वरून टाकलं, आणि बाईला सुनावलं की आमच्या घरी चूल पेटते, माहीत आहे का. विराज खाली मान घालून जेवला.

आठवड्याच्या शेवटी सदामते आले. सदामते म्हणजे परिस्थिती विभागाचे निरीक्षक, उंच, वाकलेले, अतिशय सभ्य. ‘काढायचं’ हा रकाना त्यांच्याकडे. त्यांनी आजवर भोंगे काढले होते, भटकी कुत्री काढली होती, एका पोरीच्या घरून तिचा दारुडा मेहुणाही काढला होता. आत्या काढायची ही पहिलीच वेळ. त्यांनी चप्पल बाहेर काढली, चहा घेतला, नव्या खिडकीचं कौतुक केलं आणि मग खाकरून नोटीस वाचून दाखवली. रुग्ण वारंवार उपाशी. रुग्ण सतत भयभीत. कारणीभूत व्यक्तीस गावाच्या दुसऱ्या टोकाला नगरपालिकेच्या खोलीत हलवण्यात यावं.

आता आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून सदामत्यांनी डोळे मिटून घेतले. विराजही खाटेवर अंग चोरून बसला. पण आत्या बोलली ती अगदी हळू.

“मी याला उपाशी ठेवलं?”

आत्याने विराजकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिने सदामत्यांना विचारलं, मी गेले तर हा बरा होईल का. सदामते म्हणाले की मशीन तसं म्हणतं खरं. आत्या उठली, ट्रंक ओढली आणि लुगडी भरायला लागली. भांडण नाही, शाप नाही. विराजला वाटलं होतं ती आकाशपाताळ एक करेल, आणि मग तिला घालवणं सोपं जाईल.

भरता भरता तिची बडबड हळूहळू परत आली. त्या खोलीत गॅस आहे ना, जवळ दुकान आहे ना, वरीचे तांदूळ मिळतात ना, कारण तिचे उपास असतात. काहीतरी बोलावं म्हणून सदामत्यांनी विचारलं, कोणकोणते उपास.

“सोमवार भावासाठी होता, तो चालूच आहे. गुरुवार ह्याने पहिल्यांदा बाहेर रात्र काढली तेव्हा धरला. शनिवार गणपतीनंतरचा. आता बेदाणे सांडल्यापासून मंगळवारही करते. देवाला म्हटलं, बाबा, एवढ्यात भागव. नाहीतर आठवड्यात वारच उरायचे नाहीत.”

“मग जेवता कधी?” सदामत्यांनी विचारलं.

“उरलेल्या दिवशी. तुमच्याकडे मशीन आहे, आमच्याकडे वार आहेत.”

सदामते हसले. विराज हसला नाही. त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला होता. खुंटं हाताला टोचत होती, आणि त्याला एक गोष्ट अशी लख्ख दिसली की आधी दिसली कशी नाही याचंच नवल वाटावं. मशीनने वाचलेल्या केसात बेदाण्याच्या आठवड्याचा डोंगर होता. पण बेदाणे सांडले तेव्हा या डोक्यावर केस होते कुठे? ते तर आधीच दहाव्याला नदीत गेले होते. त्या आठवड्यात तो दवाखान्यात सलाइन लावून निवांत झोपला होता. विसर्जनाच्या वेळीही झोपलाच होता. तो झोपला होता तेव्हा कुणीतरी जागं होतं आणि घाबरलेलं होतं. ते उपाशी खड्डे सोमवार-गुरुवार-शनिवारचे होते. ती तळातली बारीक रेघसुद्धा तिचीच होती. आणि या घरात जो एक माणूस भीतीचं कारण होता, तो डोक्याला हात लावून नव्या खाटेवर बसला होता.

गप्प बसणं फार सोपं होतं. आत्या स्वतःच ट्रंकेला कुलूप लावत होती. बोललं तर आलेख रद्द, दाखला रद्द, नोकरी रद्द, आणि तिने इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोळी गावासमोर. वर ते एक वाक्यही परत द्यावं लागणार होतं, चूक तुझी नाही हे. तेच सोडवत नव्हतं. सदामत्यांनी ट्रंक उचलली, दारापर्यंत नेली, चप्पल पायात सरकवली.

“साहेब, ट्रंक खाली ठेवा,” विराज म्हणाला. “काढायचा माणूस मी आहे.”

सदामत्यांना समजायला वेळ लागला. विराजने सगळं सांगितलं, पिशवी, फणी, दहावा, बेदाणे. आत्या मध्येच म्हणाली की पोराला ताप आलाय, याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. सदामते चौकटीत उभे राहून विचार करत राहिले. त्यांच्यापुढची अडचण कार्यालयीन होती. एकच नाव रुग्ण म्हणूनही आणि काढायची परिस्थिती म्हणूनही कसं लिहायचं? शेवटी ते म्हणाले की रिकामी गाडी परत नेली तर मला जाब द्यावा लागेल, तू तर बस. विराज जाऊन गाडीत बसला. मागे कुठल्यातरी गल्लीतून काढून आणलेला एक भोंगा पडला होता, त्याच्या शेजारी. आत्या ट्रंक तशीच दारात टाकून चालकाच्या बाजूला चढून बसली, आणि गाडी केंद्राकडे निघाली.

फरहीन मॅडमनी आत्याच्या वेणीतला एक केस घेतला. तेच डोंगर, तेच खड्डे, तीच रेघ. मॅडमनी दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावून पाहिले. मग त्यांनी विराजला सांगितलं की तुझ्याबद्दल मला अजून काहीच माहीत नाही, आपण पहिल्यापासून सुरू करू. तो निवासी विभागात दाखल झाला. चिठ्ठीही पाळली गेली आणि उपचारही सुरू झाले. दाखला आता खरा मिळाला, पण तोवर मालकाने फोर्कलिफ्टवर दुसरा पोरगा बसवला होता.

आत्याचं बिनसलं ते त्या तळातल्या रेघेवरून. मॅडमनी ही गोळी कधीपासून एवढंच विचारलं, तर ती ताडकन उठली. ती डॉक्टरने लिहून दिलेली गोळी आहे, नशा नव्हे, आणि चांगल्या घरातल्या बायकांना असलं विचारतात का, असं सुनावून पदर डोक्यावर घेऊन निघून गेली. गोळी लिहून देणारे डॉक्टर केव्हाच गाव सोडून गेले होते आणि औषधवाला ओळखीवर देत होता, हे ती बोलली नाही. विराजला भेटायलाही आली नाही. डबा मात्र पाठवायची. नगरपालिकेच्या आमटीत मीठ कमी असतं, हा निरोप त्यासोबत न चुकता यायचा.

मॅडमच्या मनातून ती जाईना. तिच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी तयार होती, अगदी अचूक. पण केंद्र पंचविशीपर्यंतच्या तरुणांचं. आत्या चोपन्नची. तिच्या वयाच्या बाईच्या झोपेसाठी मशीन लावायची सोय कुठल्याच योजनेत नव्हती. हा पेच सोडवला सदामत्यांनी. त्यांनी सरळ निदर्शनास आणून दिलं की चिठ्ठी केसावरून निघते, केस या बाईंचा आहे, आणि चिठ्ठीवर रुग्णाचं वय एकवीस असं छापलेलं आहे. नगरपालिकेची छापील गोष्ट खोटी ठरवायचा अधिकार निदान त्यांना तरी नव्हता. मग ते स्वतः आत्याकडे गेले. काय बोलले कुणाला ठाऊक नाही. एवढंच कळलं की चहा दोनदा झाला आणि दुसऱ्या चहाला आत्या पहिल्यांदाच काही न बोलता नुसती ऐकत बसली होती.

केंद्रात दुपारी पोरापोरींची बैठक भरायची. सगळ्यांनी गोल बसायचं. प्रत्येकाने नाव सांगायचं, वय सांगायचं आणि आपल्याबद्दलची एक खरी गोष्ट सांगायची. त्यावर कुणी सल्ला द्यायचा नाही. शेजारी बसलेल्याने फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं आणि मग स्वतः बोलायचं.

त्या दिवशी दार उघडून मालनआत्या आली. चांगलं काठाचं लुगडं, केसांचा घट्ट अंबाडा. रिकामी खुर्ची एकच होती, विराजच्या उजव्या हाताला. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि सगळ्या गोलावर एक नजर फिरवली. नखं वाढवलेल्या एका पोराला नखं काप म्हणाली. एका मुलीला तू रानमळ्याच्या पवारांची का म्हणून विचारलं. पाळी तिच्यावर आली तशी बसली तिथूनच तिने ठणकावून सांगितलं.

“मालन शिंगटे. वय वर्षं एकवीस.”

गोल हसून लोटपोट झाला. फरहीन मॅडमसुद्धा तोंडावर हात धरून हसल्या. हसू ओसरलं आणि सगळे थांबले, कारण खरी गोष्ट राहिली होती. आत्या बसमधल्या गर्दीबद्दल बोलली. खिडकीतून येणाऱ्या उन्हाबद्दल बोलली. इथल्या चहाबद्दल बोलली. कुणी अडवलं नाही, तसं तिचं बोलणं आपोआप बारीक होत थांबलं.

“मला गोळीशिवाय झोप येत नाही,” ती म्हणाली. आणि मग विराजकडे न बघता, “ह्याने पहिली गोळी माझ्याच पाकिटातली घेतली. एक कमी होती, तेव्हाच मला कळलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर पाकीट कुणाचं ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा उपास धरला.”

हे विराजने कुणालाही सांगितलं नव्हतं. मॅडमनी पहिली गोळी कुठून आली म्हणून खोदून विचारलं तेव्हा त्याने मित्राचं नाव घेतलं होतं. आत्याला कधी कळू नये एवढ्यासाठी तो खोटं बोलला होता, आणि इकडे ती आधीपासून ते पोटात घालून बसली होती.

पाळी त्याची होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. विराजने तिच्याकडे बघितलं.

“ऐकलं, आत्या.”

आत्याने मान हलवली, पदराने नाक पुसलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवून घेतली.

“आता तू बोल,” ती म्हणाली. “मला आज उपास नाही, जेवून आले आहे. कितीही वेळ लागला तरी चालेल.”